नागपूरचा विद्यार्थी आणि काशीचे बीजगणित

बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी माणसाला तेथली भाषा प्रथम बाजारात भेटते, मग कचेरीत भेटते, आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत अवघड रूपाने, मुलांच्या गणिताच्या वहीत भेटते. भाजीवाल्याशी अगर शेजारच्या टेबलावरील बाबूशी आपण कशीबशी वेळ मारून नेतो. वहीपुढे तसे करता येत नाही. आम्ही रायपुरास केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. पदवीला गणित विषय घेतला होता एवढ्याच भांडवलावर वसाहतीतल्या चारदोन मराठी घरांतील मुले संध्याकाळी आपली बीजगणिताची व भूमितीची उदाहरणे घेऊन आमच्याकडे येतात. ती सोडवून देताना आमचा अनुभव असा की, उदाहरणापेक्षा शब्दच अधिक अडवतात. आमचा त्रिकोण त्यांच्या पुस्तकात त्रिभुज असतो, काटकोन समकोण असतो, लघुकोन न्यूनकोण, विशालकोन अधिककोण, वर्तुळ वृत्त आणि मध्यगा माध्यिका. 'अवयव पाड' म्हटले की मुलगा तोंडाकडे पाहत राहतो. त्याला ठाऊक 'गुणनखंड'. मूळ संख्या ही त्याची अभाज्य संख्या, अपूर्णांक ही भिन्न, वर्गसमीकरण हे द्विघात समीकरण. काही शब्द तर दोन्हीकडे असूनच दगा देतात. हिंदीत चौरसाच्या आकृतीलाही वर्ग म्हणतात, आणि 'वर्गाचे क्षेत्रफळ' म्हटल्यावर मराठी बापाच्या डोळ्यांपुढे शाळेची खोली उभी राहते. चतुर्भुज या शब्दाचे तर विचारूच नये. तो ऐकून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना चार बाजूंची आकृती दिसत नाही, बाशिंग बांधलेला नवरदेव दिसतो!

यावर पुष्कळ घरांत एक सोपा उपाय योजला जातो: गणितापुरती मराठी बंद. आमच्या परिचयाच्या एका घरी मुलाच्या अभ्यासाच्या वेळी मराठी शब्द उच्चारावयाचा नाही असा दंडकच आहे. त्या गृहस्थांची बाजू अगदीच खोटी नव्हे. उत्तरपत्रिकेत मूल 'काटकोन' लिहून आले तर ते परीक्षकाला कोण समजावून सांगणार? परंतु याचा परिणाम काय होतो तेही आम्ही जवळून पाहतो. मूल 'एकोणसाठ' विसरते, मग 'पाऊण' विसरते, मग दूधवाल्याचा हिशेब आईशी हिंदीत करू लागते. आणि हिशेब ज्या भाषेत होतो त्याच भाषेत माणूस पुढे मनाशी बोलू लागतो. घरात मराठी उरते ती सणावाराला आणि आजीच्या पत्राला. तेव्हा प्रश्न लहान नाही. हे हिंदी गणिताचे शब्द आपल्याला खरोखरच इतके परके आहेत काय, की त्यांच्यासाठी आपले शब्द घराबाहेर घालवावेत? त्यांचा इतिहास शोधू लागलो तेव्हा जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम आपल्या बाजूचे पाहू. आज महाराष्ट्रात शाळेतील मुलाच्या तोंडी जी गणिताची भाषा आहे तिचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईस घातला गेला. १८२२ साली मुंबईत शाळा व शालोपयोगी पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिचे पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव प्रसिद्ध झाले. तिचा एक चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनियर होता. देशी तरुणांना मोजणी व बांधकाम शिकवून सरकारी कामाला तयार करणारी शाळाही तोच चालवीत असे. त्याने हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांवरून शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली, आणि पुढे १८४८ साली ऑगस्टस डि मॉर्गनच्या बीजगणिताचे मराठी रूपांतरही त्याने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. या पुस्तकांची रीत उघड आहे: इंग्रजी ग्रंथ समोर ठेवावयाचा आणि त्यातील एकेका कल्पनेस मराठीत शब्द बसवावयाचा. जमीन मोजणे हा ज्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ, त्यास 'भूमिती' हा शब्द किती नेमका बसतो पाहा! विद्यार्थी मोजणीदार व इमारत-कामगार व्हावयाचे असल्यामुळे असेल, काटकोनासारखे घरगुती तोंडवळ्याचे शब्दही या भाषेत सुखाने नांदतात. ही पुस्तके मुंबईच्या छापखान्यांतून निघाली, पुण्याच्या शाळांत रुळली, केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्या अधिकारी गणितज्ञांच्या हाताखालून गेली आणि आपली झाली.

हिंदीचे रेखागणित निराळ्या वाटेने आले. युक्लिडचा ग्रंथ संस्कृतात प्रथम आला तो इंग्रजीतून नव्हे, अरबीतून. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथ पंडिताने अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून पंधरा अध्यायांचा जो संस्कृत ग्रंथ केला त्याचेच नाव 'रेखागणित'. समकोण, न्यूनकोण, अधिककोण ही भाषा त्या ग्रंथाच्या व्याख्यांतली. जगन्नाथ पंडित महाराष्ट्रीय होता असे परंपरा सांगते. तिच्यावर आम्ही फारसा भार टाकीत नाही, कारण परंपरा कोणाही पंडिताला आपल्या गावचा करून घेण्यास सदैव तत्पर असते. तथापि हा ग्रंथ १९०१-०२ साली छापून निघाला तो मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत, ही गंमत नमूद करण्यासारखी आहे. तोवर तो हस्तलिखितांतून उत्तरेत फिरत होता, आणि त्याचे नाव हिंदीने शाळेसाठी उचलले होते.

संस्कृत ग्रंथातले हे शब्द हिंदी शाळेच्या पाटीवर कोणी आणून ठेवले, हा पुढचा प्रश्न. येथे आम्हांस ज्या पुरुषाचे नाव घ्यावयाचे आहे त्याचा जन्म गोदावरीकाठी, अहमदनगर जिल्ह्यात. म्हणजे सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. बापूदेव शास्त्री यांचे मूळ नाव नृसिंह, जन्म १८२१. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या अजोड ग्रंथात यांची हकीकत दिली आहे. यांचे बालपणचे शिक्षण नागपुरास मराठी शाळेत झाले. तेथेच ढुंढिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडिताकडे हा मराठी मुलगा भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित शिकला. हिंदी मुलखातून आलेला गुरू, मराठी शिष्य आणि गाव भोसल्यांचे नागपूर. ते दिवस तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे. आणि आम्ही ज्या रायपुरात बसून हे लिहितो ते रायपूरही तेव्हा त्याच नागपूर दरबारच्या अमलाखाली होते. १८१८ पासून बारा वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांनी येथला कारभार पाहिला, छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, आणि १८३० साली मुलूख पुन्हा भोसल्यांच्या स्वाधीन केला होता.

बापूदेवांचे भाग्य उघडले ते १८३८ साली. भोपाळ दरबारचा इंग्रज एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन हा सीहोर येथे राहत असे. हा गृहस्थ त्या काळच्या अधिकाऱ्यांत अपवादच म्हणावा लागेल. एतद्देशीयांना कोपर्निकसचे ज्योतिष व नवे गणित शिकवावयाचे तर त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांच्या पायावर शिकवावे, भास्कराचार्यांपर्यंत जो चढून गेला त्याला पुढची पायरी आपोआप दिसेल, असे त्याचे मत होते, आणि १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने ते सविस्तर मांडलेही होते. सीहोरच्या त्याच्या पाठशाळेत हाच क्रम चाले. तेथील एक पंडित सुबाजी बापू यांनी पुराणांचे, सिद्धान्तांचे आणि कोपर्निकसचे विश्व यांची तुलना करणारा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ लिहिला तो चक्क मराठीत, आणि तोही माळव्यात बसून. परमुलखात राहून मराठी लिहिणाऱ्यांच्या परंपरेत हे नाव अग्रभागी घालावे असे आहे. पण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत ते क्वचितच आढळते.

विल्किन्सनने नागपूरच्या या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची हुशारी पाहून त्यास सीहोरला नेले. तेथे सेवाराम नावाच्या पंडिताकडे त्याने रेखागणित केले. १८४१ साली विल्किन्सन वारला. पण त्यापूर्वीच त्याने शिष्याची वाट घालून दिली होती, आणि विशीच्या उंबरठ्यावरील बापूदेव काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. १८८९ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे शिकविले. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले, विल्किन्सनने केलेले भास्कराच्या गोलाध्यायाचे भाषांतर शोधून दिले, आणि ही दोन्ही १८६१ साली कलकत्त्यास एकत्र प्रसिद्ध झाली. सरकारने त्यांना सी. आय. ई. केले, पुढे महामहोपाध्याय केले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळेच आहे. त्यांनी शाळांकरिता हिंदीत बीजगणित लिहिले, अंकगणितही लिहिले. वायव्य प्रांताच्या सरकारने हिंदी बीजगणिताबद्दल त्यांना दोन हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्या काळी कारकुनाला महिना दहापंधरा रुपयांवर संसार करावा लागे हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचे मोल समजेल.

जर्व्हिसच्या आणि बापूदेवांच्या रीतीत फरक आहे, आणि तोच आमच्या मते दोन भाषांतील शब्दांच्या फरकाचे मूळ आहे. जर्व्हिसपुढे इंग्रजी पुस्तक होते आणि हाताशी शास्त्री होते. बापूदेव स्वतःच शास्त्री होते. संस्कृत गणिताची परिभाषा त्यांच्या जिभेवर होती आणि नवे गणित त्यांनी मागाहून तिच्यात ओतले. म्हणून मुंबईच्या मराठीत देशी घडणीचे शब्द पुष्कळ, तर काशीच्या हिंदीत त्रिभुज, वृत्त, गुणन, घात असे भास्कराच्या घरचे शब्द जसेच्या तसे. यात एक नवल आहे. ज्या शब्दांना आपण हिंदी म्हणून बिचकतो ते भास्कराचार्यांचे, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या पुरुषाचे. आणि ते हिंदीत रुजविणारा मनुष्य मराठी शाळेत शिकलेला. भूमितीचे उदाहरण लिहिताना मराठी मुलगा पक्ष, साध्य, सिद्धता असे टप्पे पाडतो. हिंदी पुस्तकात सिद्धतेच्या जागी 'उपपत्ति' असते. हा उपपत्ति शब्द लीलावतीवरील टीकेत पदोपदी वापरला तो कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, १५४५ साली. आता यात परके कोण आणि घरचे कोण?

बापूदेव नागपुरास जे शिकले ते बीजगणित कसे होते हे एका उदाहरणाने दाखविणे बरे. लीलावतीत बत्तीस हात उंचीच्या वेळूचे उदाहरण आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? आजचा मुलगा मोडलेल्या ठिकाणची उंची क्ष धरील, तिरपा भाग बत्तीस वजा क्ष धरील, पायथागोरसाचे प्रमेय लावील, वर्ग करील, आणि पाचसहा ओळींनी उत्तर काढील. भास्कराची रीत तोंडी आहे. जमिनीवरील अंतराचा वर्ग २५६, त्यास वेळूच्या लांबीने, ३२ ने, भागा, आले ८. हे दोन तुकड्यांमधील अंतर. दोहोंची बेरीज ३२ आणि वजाबाकी ८, म्हणजे एक तुकडा १२ हातांचा आणि दुसरा २० हातांचा. संपले.

हे असे का होते, हे मुलाला सांगण्यात खरी मजा आहे. तिरप्या भागाचा वर्ग वजा उभ्या भागाचा वर्ग म्हणजे जमिनीवरील अंतराचा वर्ग, हे भूमितीचे प्रमेय. आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी, हे बीजगणिताचे सूत्र. हे सूत्र आपण सर्वांनी परीक्षेपुरते घोकलेले असते, मुलेही घोकतात. वेळूच्या मोडलेल्या पेरापाशी ते सूत्र आणि ते प्रमेय एकमेकांना भेटतात, हे एकदा दिसले की मुलगा वहीवरून मान वर करतो. मग त्याला मोराचे उदाहरण घालावे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत आहे. दोघे सारखीच चाल चालले तर मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठील? नवाचा वर्ग ८१, भागिले २७, आले ३. सत्तावीसातून तीन गेले चोवीस, त्याचे निम्मे बारा. तीच रीत. कमळाचे उदाहरणही तिनेच सुटते: पाण्यावर अर्धा हात दिसणारे कमळ वाऱ्याने दोन हातांवर बुडाले, तर पाणी किती खोल? दोहोंचा वर्ग चार, भागिले अर्धा, आले आठ. त्यातून अर्धा वजा करून निम्मे केले की पावणेचार हात. नववी-दहावीच्या ज्या मुलांना आम्ही ही तीन उदाहरणे एका बैठकीत घातली, त्यांतील बहुतेकांनी तिसरे कागद न घेता सोडविले. गोष्ट मराठीत सांगितली होती. त्यांनी मनात कोणत्या भाषेत सोडविले ते आम्ही विचारले नाही.

या देशी बीजगणिताची खूण इंग्रज पंडितांनाही पटली होती. ज्या डि मॉर्गनचे बीजगणित मराठीत आले, त्याचा जन्म मदुरेचा. दिल्लीचे मास्तर रामचंद्र, जे बापूदेवांच्याच वर्षी, १८२१ साली जन्मले, त्यांनी महत्तम व लघुतम मूल्यांची उदाहरणे कलनशास्त्र न वापरता केवळ बीजगणिताने सोडविणारा एक ग्रंथ १८५० साली कलकत्त्यास छापला. डि मॉर्गनने तो वाचून १८५९ साली लंडनमध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध करविला. हिंदी मनाची स्वाभाविक ओढ बीजगणिताकडे आहे, तेथूनच त्याला पुढे न्यावे, हा त्याचा अभिप्राय. एक दिल्लीत, एक काशीत, एक मुंबईत. एकमेकांशी बोलणे नसताना तिघेही एकाच प्रश्नाशी झटत होते.

बापूदेव हे काही परमुलखात बीजगणित घेऊन जाणारे पहिले महाराष्ट्रीय नव्हते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. त्यास आपल्या भाषेत बदली म्हणण्यास हरकत नसावी. नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी एक मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने त्यास नेमणुका करून दिल्या, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून कळते. डॉ. भाऊ दाजी यांनी तो उजेडात आणला. त्याचा शेवटचा, देणग्यांचा भाग जुन्या मराठीत आहे. बीजगणिताच्या शाळेच्या खर्चाची तरतूद सांगणारा मराठी मजकूर आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला जावा, याचे आमच्यासारख्या कारकुनाला विशेष कौतुक वाटते. मंजुरीच्या हुकुमाची इतकी टिकाऊ प्रत आमच्या कचेरीत एकही नाही.

पुढे सोळाव्या शतकात वऱ्हाडातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे एक ज्योतिषी घराणे काशीस जाऊन राहिले. त्यातील कृष्ण दैवज्ञ हा जहांगीर बादशहाच्या आश्रयास होता. भास्कराच्या बीजगणितावरील त्याची टीका त्या ग्रंथावरच्या टीकांत सर्वांत सखोल समजली जाते. ऋण संख्या म्हणजे काय, हे तो पूर्व-पश्चिम दिशांच्या आणि देण्या-घेण्याच्या दृष्टान्तांनी समजावतो, आणि आजचा शिक्षकही फळ्यावर याहून वेगळे काही करीत नाही. त्याचा भाऊ रंगनाथ याने सूर्यसिद्धान्तावर टीका लिहिली. म्हणजे बापूदेव काशीस गेले तेव्हा वाट मळलेली होती.

आता रायपुराकडे येऊ. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. एकाच शिक्षणखात्याखाली नागपूरकडे मराठी शाळा आणि रायपूर-बिलासपूरकडे हिंदी शाळा चालू लागल्या. एकाच प्रांतात, एकाच तपासनिसांच्या हाताखाली, एका मुलाने भूमिती शिकावी आणि दुसऱ्याने रेखागणित, असा प्रकार जवळजवळ शतकभर चालला. या दोन्ही बाजूंना ज्याचे पाय होते असा मनुष्य रायपुरानेच दिला. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यात, शिक्षण रायपुरास. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून काढलेले 'छत्तीसगढ मित्र' आणि लोकमान्यांच्या गीतारहस्याचा त्यांनी केलेला हिंदी अनुवाद सर्वांना माहीत आहेत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी जो वैज्ञानिक कोश रचला त्यात अर्थशास्त्राचे शब्द सप्र्यांनी सिद्ध केले, हे मात्र कमी जणांस ठाऊक असते. त्याच कोशातील गणिताचा विभाग काशीच्या सुधाकर द्विवेदींचा. हे बापूदेवांच्या मागून त्यांच्याच जागेवर आलेले गणितज्ञ. एका मराठी शास्त्र्याने काशीत जी परिभाषा रुजविली, ती कोशात बांधली जात असता रायपूरचा एक मराठी संपादक शेजारच्याच दालनात काम करीत होता, असे म्हटले तरी चालेल.

स्वातंत्र्यानंतर हा व्यवहार पुन्हा नागपुरास आला. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री असता त्यांनी डॉ. रघुवीर यांना नागपुरास बोलावून परिभाषेचे प्रचंड काम करविले. हिंदी व मराठी या दोन्ही त्या प्रांताच्या राजभाषा. तेव्हा शब्द दोहोंना चालावेत असा हेतू होता. रघुवीरांच्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, आणि त्यांतील काही शब्द थट्टेलाच पात्र होते. परंतु दोन शेजारी भाषांनी शास्त्राचे शब्द एकत्र बसून ठरवावेत ही कल्पना थट्टेची नव्हती. ती फळाला येण्यापूर्वीच १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले. दिल्लीस १९६१ साली परिभाषेचा आयोग बसला, तिकडे महाराष्ट्राने आपली परिभाषा आपण केली, आणि दोन्हीकडची क्रमिक पुस्तके पुन्हा आपापल्या वाटेने गेली. हिंदी पुस्तकाने मध्यंतरी 'रेखागणित' हे नावही सोडून 'ज्यामिति' घेतले आहे. ज्या म्हणजे पृथ्वी, मिति म्हणजे मोजणी: हिंदी फिरून आमच्या भूमितीच्याच दाराशी आली! येथली जुनी माणसे मात्र अजून रेखागणितच म्हणतात.

घरी शिकविताना आम्ही काय करतो, असे वाचक विचारतील. वहीत हिंदी शब्द, तोंडी दोन्ही शब्द, आणि उदाहरणाची गोष्ट मराठीत, एवढाच आमचा क्रम. वहीच्या शेवटच्या पानावर मुले दोन रकाने आखून शब्दांच्या जोड्या लिहितात. वर्षाअखेर साठसत्तर जोड्या होतात. त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच संस्कृत धातूतून निघालेल्या असतात, आणि हे मुलांच्याच ध्यानात येते. आम्हांस सांगावे लागत नाही. अडचण येते ती देशी शब्दांची, आणि तीच आम्हांस अधिक प्रिय आहे.

उदाहरणार्थ पाढे. आपल्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी यांच्या पुढे औटकी असे. औट म्हणजे साडेतीन. रायपुरात जुन्या धान्यबाजारातील म्हाताऱ्या मुनिमांना विचारावे, ते सवैया आणि ढैया यांच्या पुढे हूँठा सांगतील. हूँठा म्हणजेही साडेतीन. कानाला या दोन शब्दांचे काही नाते लागत नाही. पण दोन्ही आले आहेत 'अर्धचतुर्थ' या एकाच शब्दातून: ज्यातील चौथा अर्धाच आहे असे, म्हणजे तीन पूर्ण आणि अर्धा. १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ मीटर-किलोग्रॅम आले, आणि आणे-शेरांबरोबर दोन्ही पाढे शाळांतून एकदमच गेले. गवंड्याचे हत्यार मात्र टिकले आहे. आमच्या वसाहतीत सध्या एका भिंतीचे काम चालू आहे. तेथला छत्तीसगडी मिस्त्री कोपरा समकोणात आहे की नाही हे पाहावयाला गुनिया लावतो. आपल्याकडचा गवंडी काटकोन पाहावयाला गुण्या लावतो. आणि गुनिया जवळ नसला तर सुतळीवर तीन, चार आणि पाच हात मोजून गाठी मारतो.